कंदिलावरील नाव : ओगलेवाडी, ड्यूरेन आणि काच फुंकणाऱ्याचे कर्तृत्व

वस्तूवर उठविलेले नाव आणि वस्तू घडविणारा हात यांचा संबंध आपण फार सहजपणे गृहीत धरतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या आणि शिकविणाऱ्या अभ्यासकाला ही सवय सोडणे इतरांपेक्षा सोपे जावयास हवे. उल्हासनगरात तयार झालेल्या मालावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असे छापले जाई आणि विचारणा झाल्यास ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा त्याचा विस्तार सांगितला जाई, ही आख्यायिका मुंबई परिसरात सर्वांच्या तोंडी आहे. ती खरी की रचलेली, हा प्रश्न येथे गौण आहे. ती सांगताना हसणाऱ्याला माल कोणी नकली नावाने विकला एवढेच आठवते. तो माल ज्याने कातला, ओतला, शिवला त्याला त्या विनोदात जागाच नसते. खोटे नाव असो वा खरे, घडविणारा दोन्ही वेळी नावाबाहेरच राहतो. अंबरनाथला स्वीडिश भांडवलातून उभ्या राहिलेल्या काडेपेटीच्या कारखान्यामुळे एका चौकाला विमको नाका हे नाव पडले आणि ते टिकले. त्या नाक्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना आत काम केलेल्या एका तरी माणसाचे नाव सांगता येईल?

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न काचेच्या दिव्यांच्या आधारे तपासावयाचा आहे. दिवा निवडण्यास कारण आहे. काचेच्या दिव्यात नाव आणि घडण यांचा संबंध केवळ सामाजिक नसतो, तो भौतिकही असतो. काच साच्यात कशी फुंकली गेली यावर तिच्यावर नाव उमटू शकते की नाही हे अवलंबून असते. तुलनेसाठी दोन प्रकारचे दिवे घेतले आहेत. एक, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, जो विसाव्या शतकाच्या मध्यास मराठी घरांत सर्वत्र होता. दुसरा, त्याच सुमारास जर्मनीत तोंडाने फुंकून घडविलेला दुधी काचेचा विजेचा दिवा, जो आज जगभरच्या संग्राहकांच्या व लिलावगृहांच्या आवडीचा विषय झाला आहे. एक विसरला गेला, दुसरा गाजला. परंतु दोहोंची समीक्षा एकाच जागी अडखळते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पैसा फंड ते प्रभाकर

महाराष्ट्रातील आधुनिक काचउद्योगाची कथा तळेगाव दाभाडे येथून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा जमवून देशी उद्योगासाठी निधी उभारण्याची कल्पना मांडली; लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा मिळाला; आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथे काचविद्येचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे आरंभीचे तज्ज्ञ. माल काढणे हा त्याचा एक हेतू. काच घडविण्याचे शिक्षण देणे हा दुसरा. येथे शिकलेली माणसे पुढे देशातील निरनिराळ्या कारखान्यांत पांगली. या कारखान्याच्या नावाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. स्वदेशीच्या काळात उद्योगाला देवाचे, संस्थानिकाचे किंवा कुटुंबाचे नाव देण्याची रीत असताना येथे नाव आहे ते एका नाण्याचे. देणारे असंख्य आणि निनावी. त्यांच्या निनावीपणालाच नाव दिले गेले. असा उमदेपणा मराठी उद्योगाच्या इतिहासात पुन्हा क्वचितच दिसला.

ओगले बंधूंचा कारखाना १९१६ साली उभा राहिला तो महायुद्धाच्या मध्यावर. ही वेळ अर्थपूर्ण होती. युद्धापूर्वी हिंदुस्थानात येणारा काचमाल मुख्यतः जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, बेल्जियम आणि जपान या देशांचा. बोहेमियातील गाब्लोंझ या गावाच्या परिसरातून तर मणी आणि बांगड्या इतक्या येत की स्वदेशी चळवळीत ‘विलायती बांगडी’ हा बहिष्काराचा स्वतंत्र विषय होऊन बसला होता. युद्धामुळे जर्मन व ऑस्ट्रियन माल थांबला आणि देशी भट्टीला श्वास घेण्याइतकी जागा मिळाली. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी किर्लोस्करांप्रमाणेच ओगल्यांनाही आश्रय दिला. पुणे-मिरज लोहमार्गावरील कऱ्हाड स्थानकाजवळची जागा पुढे ओगलेवाडी या नावानेच ओळखली जाऊ लागली. कारखाना कालांतराने बंद पडला, वाडीचे नाव राहिले. अंबरनाथच्या नाक्याशी असलेले हे साम्य वाचकाच्या लक्षात आलेच असेल.

‘प्रभाकर’ या नावाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. गुरुनाथ प्रभाकर, श्रीपाद प्रभाकर ही बंधूंची नावे पाहता प्रभाकर हे वडिलांचे नाव होते हे उघड आहे. शिवाय प्रभाकर म्हणजे सूर्य. एकाच शब्दात पितृऋण, व्यापारी चिन्ह आणि वस्तूचे कार्य अशा तीन गोष्टी सामावल्या आहेत. मराठीत इतके नेमके व्यापारी नाव क्वचितच सुचले असेल. परदेशी कंदिलांशी, म्हणजे अमेरिकेच्या डीट्झशी आणि जर्मनीच्या फॉयरहांडशी, ज्याला स्पर्धा करावयाची आहे त्याने आपल्या वस्तूला असे घरगुती आणि तरीही तेजस्वी नाव द्यावे, यात व्यवहारज्ञान आहे तसेच भाषेचे भानही आहे. पण या नावाची तिन्ही अंगे प्रकाशाकडे, मालकाकडे आणि ग्राहकाकडे पाहतात. भट्टीकडे पाहणारे चौथे अंग त्यात नाही.

कंदील म्हणजे निम्मा पत्रा आणि निम्मी काच. पत्र्याचे काम, म्हणजे टाकी, बाजूच्या नळ्या, वातीचा बोंड, वरची टोपी, यंत्रदाबाने होऊ शकते आणि एकदा ठसे तयार झाले की ते बरेचसे यंत्राचे काम होते. काचेचे तसे नव्हते. कंदिलाची काच साच्यात तोंडाने फुंकून घडविण्याची रीत भारतीय कारखान्यांत दीर्घकाळ चालू होती. आरंभी काही कारखान्यांत त्यासाठी युरोपीय व जपानी फुंकणारे आणावे लागले. आपल्याकडे काचारी होते, बांगडी घडविण्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्या होते. परंतु सळईवर काच फिरवून बांगडी करणे आणि पोकळ नळीतून हवा भरून पातळ, समान जाडीची भिंत असलेला फुगा करणे या दोन निराळ्या विद्या आहेत. म्हणून स्वदेशी कंदिलातील सर्वांत अवघड स्वदेशी गोष्ट होती ती फुंकणाऱ्याचे फुप्फुस आणि त्याच्या मनगटाचे वळण. ती शिकविण्यास वर्षे लागतात. ती पेटीत भरून आयात करता येत नाही आणि तिचा ठसाही पाडता येत नाही.

साचा, सांधा आणि नाव

येथे घडणीच्या प्रक्रियेत थोडे खोलात जाणे आवश्यक आहे, कारण प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा तिच्यातूनच निघतो.

वाळू, सोडा व चुना यांचे मिश्रण मुशीत सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळविले जाते. फुंकणीच्या टोकावर त्याचा गोळा घेतला जातो, सपाट पृष्ठावर लोळवून त्याला समतोल आणला जातो, थोडी हवा भरून त्याची लहान पोकळी केली जाते, आणि मग ती उघडलेल्या दोन अर्धांच्या साच्यात उतरवून साचा मिटला जातो. यानंतर फुंकणारा दोन मार्गांपैकी एक निवडतो. खरे तर साचाच त्याच्यासाठी निवड करून ठेवतो. पहिल्या मार्गात नळी सतत फिरवीत फुंकायचे. साच्याचे आतील अंग ओल्या लाकडाचे किंवा कोळशाच्या लेपाने झाकलेल्या लोखंडाचे असते. ते भिजविलेले असल्यामुळे काच आणि साचा यांच्यामध्ये वाफेची बारीक गादी तयार होते आणि काच त्या गादीवर गरगर फिरते. अशी काच गुळगुळीत, झळाळदार निघते आणि साच्याच्या दोन अर्धांची सांधरेषा तिच्यावर उमटत नाही. दुसऱ्या मार्गात नळी स्थिर ठेवून फुंकायचे. काच साच्याला घट्ट जाऊन भिडते आणि साच्यात जे काही कोरले असेल, फूल, रेघ किंवा अक्षरे, ते जसेच्या तसे उचलते. परंतु त्याबरोबर सांधाही उचलते.

याचा अर्थ असा की काचेवर उठावाची अक्षरे हवी असतील तर काच फिरविता येत नाही, आणि काच फिरविली नाही तर सांधा येतो. सांधा नको असेल तर साच्यातील नावावर पाणी सोडावे लागते. ते मागाहून आम्लाने, वाळूच्या माऱ्याने, छापाने किंवा कागदाच्या चिठ्ठीने लावावे लागते. नाव आणि निर्दोष पृष्ठ यांत निवड करावी लागते. ज्या कंदिलाच्या काचेवर साच्यातून उठलेले नाव आहे, तेथे ते नाव साचा कोरणाऱ्याने लिहिले असे म्हणणे अर्धसत्य होय. अक्षरांच्या खोबणीत काच जाऊन बसेल इतका दाब ज्या क्षणी पडला तो एका माणसाच्या छातीचा होता. दाब कमी पडला तर अक्षरे बोथट येतात. जास्त पडला तर भिंत एका बाजूस पातळ होते आणि पहिल्या थंडीच्या रात्री, वात चढविताच, तडकते. मालकाचे नाव नोकराच्या श्वासाने लिहिले जाते, हे येथे अलंकार म्हणून म्हटलेले नाही.

यानंतरचा टप्पा अनुशीतनाचा. घडलेली काच लांब भट्टीतून तासन्‌तास सावकाश निववावी लागते, अन्यथा आत ताण राहून ती कारण नसताना फुटते. कंदिलाच्या काचेला तर ज्योतीची आच आणि बाहेरचा वारा दोन्ही एकाच वेळी सोसावे लागतात. जर्मन कंदिलांची श्रेष्ठता याच ठिकाणी होती. ओटो शॉट, एर्न्स्ट आबे व झाइस यांनी १८८४ साली येना येथे काचेची प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे तयार झालेल्या बोरोसिलिकेट काचेचे उष्णतेने होणारे प्रसरण साध्या काचेच्या सुमारे एकतृतीयांश असते. गॅसबत्तीच्या जाळीभोवती बसणाऱ्या नळकांड्या त्याच काचेच्या झाल्या, आणि फॉयरहांडच्या कंदिलावरही येनाची काच आली. ओगलेवाडीची स्पर्धा केवळ एका कारखान्याशी नव्हती. एका विद्यापीठाच्या गावातील रसायनशास्त्राशी होती. ही विषमता लक्षात घेतल्याशिवाय प्रभाकर कंदिलाचे यश मोजता येत नाही. पण प्रभाकरवर लिहिणारे बहुधा देशाभिमानाच्या तराजूत ते मोजतात आणि काचेच्या रासायनिक घटनेविषयी मौन पाळतात.

दुधी काच आणि तिचे धनी

कंदिलाच्या काचेचा आदर्श असा की ती दिसू नये. घरातील बाई किंवा मूल रोज संध्याकाळी राखेने, नंतर कोरड्या फडक्याने ती पुसत असे. काजळी गेली की काच नाहीशी झाली पाहिजे. विजेच्या दिव्यावरील दुधी काचेचा आदर्श याच्या उलट. बल्बची तार डोळ्यांना टोचते, म्हणून ती लपवायची आणि काच स्वतःच उजळल्यासारखी दिसली पाहिजे. काचेत फ्लोराइडचे सूक्ष्म स्फटिक तयार होऊ दिले की प्रकाश विखुरतो. दुधी थर पातळ ठेवून आत-बाहेर स्वच्छ काचेचे थर दिले म्हणजे तीन थरांची काच होते. बाहेरचे अंग हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या बाफेने मंद करतात, आणि मग पेटलेला दिवा चंद्रासारखा सौम्य दिसतो. हे तीन थर एकाच गोळ्यात, समान जाडीने, तोंडाने फुंकून साधणे हे काचकामातील अवघड कर्तबांपैकी एक आहे. असा घुमट एकटा कारागीर करीत नाही. गोळा घेणारा, थर चढविणारा, फुंकणारा प्रमुख, साचा मिटणारा मुलगा आणि निवविण्यास नेणारा अशी एक टोळीच लागते, आणि एकाचा हात चुकला तर सर्वांचे काम वाया जाते.

या दिव्यांच्या आधुनिक इतिहासात विल्हेल्म वागेनफेल्ड (१९००-१९९०) हे नाव मध्यवर्ती आहे. वायमारच्या बाउहाउस शाळेत १९२४ साली त्यांनी दुधी काचेच्या घुमटाचा जो मेजदिवा केला तो विसाव्या शतकातील सर्वांत परिचित दिव्यांपैकी एक होय. त्याच्या कर्तृत्वाविषयी वाद आहे. काचेचा दांडा व काचेचे बूड यांचे प्रयोग त्यांचे सहविद्यार्थी कार्ल याकोब युकर यांनी आधी केले होते, म्हणून युकर यांना किती श्रेय द्यावे यावर बरीच शाई खर्च झाली आहे. ब्रेमेनच्या टेक्नोल्युमेन या कंपनीने १९८० पासून वागेनफेल्ड यांच्या संमतीने हा दिवा पुन्हा काढला. त्याच्या प्रत्येक नगाला क्रमांक असतो. दांड्याचा धनी कोण यावर वाद, नगाला क्रमांक, आणि घुमट? वादाचे दोन्ही पक्ष रचनाकारच आहेत. मेजावर दिवा पेटतो तेव्हा डोळ्यांना दिसतो तो घुमट; तो ज्यांनी फुंकला त्यांच्यासाठी कोणी वाद घातलेला नाही.

स्वतः वागेनफेल्ड यांना यासाठी दोषी धरणे अन्यायाचे होईल. १९३५ पासून वाइसवासर येथील संयुक्त लाउझित्स काचकारखान्यात ते कलाविभागाचे प्रमुख होते, आणि भट्टीजवळ उभे राहून कारागिरांबरोबर काम करण्यावर त्यांचा भर होता. त्या कारखान्याच्या मालावर चौकट-तिरप्या हिऱ्याच्या आकृतीचा शिक्का असे. युद्धानंतर ते पश्चिमेकडे गेले आणि १९५२ पासून ड्यूरेनच्या पाइल उंड पुत्सलर या कारखान्यासाठी त्यांनी दिव्यांची रचना केली. आलोइस गांगकोफ्नर (१९२०-२००३) यांचे काम त्याच कारखान्याशी जोडलेले आहे. त्यांचे गोल, घंटाकार व थेंबासारखे दिवे आज संग्राहक शोधीत असतात. यातील बरेचसे दिवे फिरवून फुंकलेले, सांध्याविना. म्हणजेच साच्यातील नावाविना. त्यांची ओळख सांगणारी चिठ्ठी धुताना गळून पडते. परिणामी बाजारात सांधा नसलेला, तीन थरांचा, मंद पृष्ठाचा कोणताही चांगला दिवा दिसला की तो वागेनफेल्ड किंवा गांगकोफ्नर यांच्या खाती घालण्याची प्रवृत्ती आहे. निनावी वस्तूला प्रसिद्ध नाव चिकटविले की किंमत चढते. मेड इन यू.एस.ए.च्या आख्यायिकेवर हसणाऱ्यांनी लिलावगृहांच्या सूचीही जरा वाचून पाहाव्यात.

ड्यूरेनच्या कारखान्याच्या जोडनावात एक स्थलांतर दडलेले आहे, आणि ते उल्हासनगरच्या वाचकाला विशेष जवळचे वाटेल. पुत्सलर बंधूंचा मूळ कारखाना नाइसे नदीच्या पूर्व तीरावरील पेन्त्सिग गावी होता. १९४५ नंतर ती नदीच सीमा ठरली, गाव पोलंडमध्ये गेले, आणि तेथील जर्मन पश्चिमेकडे आले. ड्यूरेन शहर १६ नोव्हेंबर १९४४ च्या बाँबवर्षावात जवळजवळ बेचिराख झालेले होते. उद्ध्वस्त गावातील एक काचकारखाना आणि गाव गमावलेले काचकार यांचा संयोग म्हणजे पाइल उंड पुत्सलर. तसेच गाब्लोंझचे. ज्या गावाने एकेकाळी हिंदुस्थानच्या मनगटांवर बांगड्या चढविल्या, त्या गावातून १९४५-४६ मध्ये हाकलले गेलेले जर्मनभाषक काचकार बव्हेरियात काउफबॉयरेन शहराजवळ एका पडीक स्फोटक कारखान्याच्या जागेवर वसले, आणि वसाहतीला त्यांनी नॉयगाब्लोंझ, नवे गाब्लोंझ, असे नाव दिले.

कल्याण कॅम्पही युद्धाचाच अवशेष होता. सिंधमधून आलेली माणसे लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. दोन्हीकडे बराकी, दोन्हीकडे छोटे उद्योग, दोन्हीकडे शेजाऱ्यांचा संशय. फरक नावात आहे. गाब्लोंझवाल्यांनी गमावलेल्या गावाचे नाव बरोबर आणले, कारण ते नाव हीच त्यांची व्यापारी पत होती. येथे नाव मिळाले ते नव्या नदीचे. गावाचे नाव मागे राहिलेल्या कारागिराला मालावर काय लिहावे हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्या आख्यायिकेतील विनोदाची ही दुसरी बाजू स्थानिक लेखनात फारशी आलेली नाही.

येनाची कथा याच काळातील आहे आणि ती आपल्या प्रश्नाला थेट भिडते. १९४५ च्या उन्हाळ्यात येना सोव्हिएत ताब्यात जाण्यापूर्वी अमेरिकन सैन्याने शॉटच्या माणसांना पश्चिमेकडे हलविले. त्यातूनच पुढे १९५२ साली माइन्त्सचा कारखाना उभा राहिला. या प्रसंगाला ‘एकेचाळीस काचकारांची यात्रा’ असे म्हटले जाते. निवडलेले ते एकेचाळीस म्हणजे मुख्यत्वे व्यवस्थापक आणि तज्ज्ञ. ‘काचकार’ हा शब्द तेव्हा सन्मानाचा झाला, आणि सन्मानाचा होताच भट्टीवरून उठून कार्यालयात गेला.

उद्योगचरित्रांची मर्यादा

मराठीत उद्योगचरित्र हा एक समृद्ध वाङ्मयप्रकार आहे. शं. वा. किर्लोस्कर यांनी लक्ष्मणरावांचे चरित्र लिहिताना त्याला ‘यांत्रिकाची यात्रा’ असे शीर्षक दिले. मालकाला यांत्रिक म्हणणे ही त्या पिढीची नम्रता होती आणि लक्ष्मणरावांच्या बाबतीत ते सार्थही होते, कारण ते खरोखरच हाताने काम करणारे होते. परंतु या प्रकाराची पुढे रूढी झाली. उद्योजकाचे दारिद्र्य, पहिला अपयशी प्रयोग, संस्थानिकाचा आश्रय, परदेशवारी, पहिला यशस्वी नग आणि स्वदेशीचा जयजयकार असा तिचा क्रम ठरून गेला. या क्रमात कामगार येतो तो संपाच्या प्रकरणात किंवा निष्ठेच्या प्रसंगात. त्याचे कौशल्य हा कथेचा विषय होत नाही. ओगलेवाडीविषयी जे लिहिले-बोलले जाते तेही बहुतांशी याच वळणाचे आहे. भांडवल कोणी दिले ते आपण सांगू शकतो. काच एकसारख्या जाडीची येण्यास फुंकणाऱ्यांना किती महिने लागले, कोणी कोणाला शिकविले, तळेगावची विद्या कऱ्हाडला कोणत्या हातांतून आली, हे सांगू शकत नाही. पैसा फंडाच्या निनावी दात्यांचा गौरव करणाऱ्या परंपरेत हा विसर अधिक खटकतो.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. फुंकणारा बदलला तरी कंदील तसाच निघतो. रचनाकार किंवा उद्योजक बदलला तर वस्तूच बदलते. म्हणून नाव त्यांचे असावे. हा आक्षेप पत्र्याच्या बाबतीत बराचसा खरा आहे. काचेच्या बाबतीत तो टिकत नाही. तीन थरांच्या घुमटाचे आरेखन कागदावर कितीही नेमके असले तरी जी टोळी ते समान जाडीने फुंकू शकत नाही तिच्याकडून तो दिवा निघतच नाही; म्हणून त्या काळच्या रचनाकारांनाही आपल्या टोळीला काय जमते हे पाहून आकार ठरवावा लागे. आकाराची सीमा कारागिराचा श्वास आखीत होता. ही सीमा आखणे हेही कर्तृत्वच होय, आणि समीक्षेने ते वाचावयास शिकले पाहिजे. काचेच्या तळाशी भिंत किती जाड झाली आहे, कडा घासलेली आहे की ज्योतीत वितळवून गोल केली आहे, बुडबुडे कोणत्या दिशेने लांबले आहेत, सांधा आहे की नाही, हे सारे पाठ्यांश आहेत. काव्याच्या छंदाविषयी आपण पानेच्या पाने लिहितो; वस्तूच्या घडणीकडे वळताच आपली समीक्षा एकदम चरित्रपर होते.

दुसऱ्या टोकाचा धोकाही सांगितला पाहिजे. हाताने घडविलेल्या काचेविषयी एक हळवा सूर अलीकडे ऐकू येतो. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने हस्तनिर्मित काचेची विद्या आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या संयुक्त नोंदीत चेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी व स्पेन हे देश आहेत. फिरोझाबादच्या भट्ट्यांवर आजही तोंडाने काच फुंकली जाते, पण त्या नोंदीत भारत नाही. तथापि फिरोझाबादच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी दुसऱ्याच प्रकारची होती: धूर, बालमजुरी, आणि ताजमहालाच्या रक्षणासाठी कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ३० डिसेंबर १९९६ चा आदेश. युरोपातील फुंकणारा वारसा ठरतो आणि आपला फुंकणारा प्रदूषणाचा किंवा शोषणाचा प्रश्न ठरतो. दोन्ही वर्णनांना आधार आहे. भट्टीसमोरची आच, वाळूची धूळ आणि वर्षानुवर्षे फुगविलेले गाल यांत रम्य असे काही नाही. पण प्रश्न म्हणून ज्याची नोंद झाली त्याच्या कौशल्याची नोंद करू नये असा नियम कोठे आहे?

कंदील हा गतकालीन विषय आहे असे समजण्याचेही कारण नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३१ टक्के कुटुंबांनी प्रकाशाचे मुख्य साधन म्हणून रॉकेल नोंदविले होते. म्हणजे आज आपल्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या बालपणी घरात कंदील पेटत होता. आणि अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत काम केलेल्या आई-वडिलांची मुले तर आपल्यासमोरच आहेत. हजेरीपत्रके, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या, निवृत्तीच्या वेळी दिलेली छायाचित्रे ही साधने अजून घराघरांतील पेट्यांत असणार. वाङ्मयाचा अभ्यासक त्यांना सहसा आपले साहित्य मानीत नाही. हजेरीपत्रकात मात्र नावे असतात, आणि कंदिलावर किंवा चरित्रात जी आढळत नाहीत तीच असतात.

प्रभाकर कंदील आज जेथे कोठे माळ्यावर सापडतो तेथे एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. पत्रा गंजतो, पण टिकतो, काच फुटते. वापरातल्या कंदिलाची काच पुन्हा पुन्हा बदलली जाई, आणि बाजारात जी मापात बसेल ती आणली जाई. त्यामुळे टाकीवर ‘प्रभाकर’ हे नाव शाबूत असले तरी वरची काच बहुधा दुसऱ्याच भट्टीची, कदाचित फिरोझाबादची, असते. तिच्यावर नाव नसते, आणि नाव नसल्यामुळे कधीकधी सांधाही नसतो.